पाऊल सपाट आहे, पण दुखतंय नक्की काय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४४, माध्यमिक शाळेत शिक्षिका. रोजचे सहा तास शाळेत, त्यातले बहुतेक शहाबादी फरशीवर उभ्याने. वर्षभरापासून संध्याकाळ झाली की डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला आणि तळव्याच्या कमानीत दुखतं. उजवा पाय क्वचितच कुरकुरतो. दोन वर्षांत वजन सात-आठ किलोंनी वाढलंय. एका दुकानात त्यांना स्कॅनच्या पाटावर उभं केलं, रंगीत चित्र दाखवलं आणि ‘दोन्ही पाय पूर्ण फ्लॅट आहेत’ असं सांगून पायाच्या मापाने बनवलेल्या, बुटात घालायच्या इनसोलचे नऊ हजार रुपये सांगितले. आत्ता घेतले नाहीत तर पुढे गुडघे आणि कंबर जाईल, अशी ताकीदही दिली. घरचे म्हणतात, ‘तळवे लहानपणापासून सपाटच आहेत, आत्ताच काय झालं?’ त्या विचारतात: इनसोल घ्यावेत का? एकदा घातले की जन्मभर लागतील का? चपलेत बसतील का? आणि १९ वर्षांचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय, त्याचेही तळवे सपाट आहेत पण दुखत काही नाही. त्यालाही घ्यावेत का?

ताई, नमस्कार.

घरच्यांचा प्रश्न तुम्हाला टोमण्यासारखा लागला असेल. पण पत्रातला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच आहे. तळवे जन्मापासून सपाट, दोन्ही सपाट, मग दुखणं वर्षभरातलंच आणि एकाच पायात कसं? सपाटपणा दोन्हीकडे आहे आणि दुखणं एकीकडे, तर नुसत्या सपाटपणाला दोष देऊन भागणार नाही. डाव्या पायात काहीतरी वेगळं चाललंय. ते काय, हे कळण्याआधी नऊ हजार देणं म्हणजे तपासणीआधीच औषध घेण्यासारखं आहे.

त्या रंगीत चित्राबद्दल आधी बोलू. स्कॅनचा पाट तळव्याखालचा दाब दाखवतो. जास्त दाब पडतो तिथे लाल, कमी पडतो तिथे निळा. तळव्याची आतली बाजू जमिनीला टेकत असेल तर तिथेही रंग उमटणार, आणि सपाट तळव्याच्या प्रत्येक माणसाचा उमटणार, दुखत असो वा नसो. कुठली शीर, कुठला सांधा, कुठली दोरी दुखतेय हे त्या चित्रातून कळत नाही. सपाट तळवे घेऊन आयुष्यभर शेतात राबणारी, बाजारात दिवसभर उभी राहणारी असंख्य माणसं आहेत. दुखत नसलेल्या, लवचीक सपाट पावलाला मोठ्या माणसात उपचारांची गरज नसते. आणि पाटावरच्या ठशावरून तुमचे गुडघे-कंबर जाणार की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. ती ताकीद मनातून काढून टाका.

आता डावा पाय. घोट्याच्या आतल्या बाजूला जे हाड वर आलेलं असतं, त्याच्या मागून एक जाड दोरी खाली येते आणि वळून तळव्याच्या आतल्या कडेच्या उंचवट्याला चिकटते. पोटरीतल्या टिबिअॅलिस पोस्टिरिअर नावाच्या स्नायूची ही कंडरा. चालताना कमान उचलून धरायचं आणि टाच आत वळवायचं काम मुख्यतः तिचं. पाऊल मुळातच सपाट असेल तर तिला दर पावलाला जास्त ओढ बसते. बरीच वर्षं ती हे निभावते. मग वय चाळिशीपुढे जातं, वजन वाढतं, उभं राहणं संपत नाही, आणि एका पायातली कंडरा सुजायला, झिजायला लागते. हा त्रास पुरुषांपेक्षा चाळिशीपुढच्या बायकांत जास्त दिसतो. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांतही जास्त. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं, पण जुळतं म्हणजे तेच आहे असं नाही. म्हणून घरीच चार गोष्टी पाहून घ्या. मुलाला मोबाइल घेऊन मागे बसवा आणि पोटरीपासून खालचं चित्रीकरण करायला सांगा.

पहिली गोष्ट, नुसतं सरळ उभं राहा. मागून पाहिलं तर टाचेच्या बाहेरच्या बाजूने साधारण एक-दोन बोटं दिसतात. डावीकडे तीन-चार दिसत असतील तर चवडा बाहेर वळलाय आणि टाच बाहेर कलंडलीय. दुसरी, दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर उभ्या राहा. टाचा आत वळल्या आणि कमान दिसू लागली तर पाऊल लवचीक आहे. कमान उमटलीच नाही, टाच वळलीच नाही, तर एक तर पाऊल ताठर आहे किंवा कंडरा काम करत नाहीये. तिसरी परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. भिंतीला दोन बोटं टेकवा, आधी उजव्या एका पायावर टाच पूर्ण उचला, सावकाश खाली आणा, किती वेळा जमतं मोजा. मग डाव्यावर. उजव्याला पंधरा जमतात आणि डाव्याला चार, किंवा टाच उचलताच कळ येते, तर संशय कंडरेवर जातो. चौथी, घोट्याच्या हाडामागून त्या आतल्या उंचवट्यापर्यंत अंगठा दाबत न्या. त्या रेषेवर दुखलं, सूज लागली, तर संशय आणखी पक्का.

डाव्या पायावर टाच उचलतच नसेल, किंवा पाऊल अलीकडे अलीकडे जास्त सपाट होत चाललंय असं वाटत असेल, तर दुकान सोडा आणि आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. शक्यतो पाय-घोट्याचं काम जास्त करणाऱ्यांकडे. एक्स-रे उभं राहून, पायावर वजन टाकून काढायला सांगा, कारण झोपून काढलेल्या चित्रात कमान खरी दिसत नाही. घाई एवढ्यासाठी की पाऊल लवचीक आहे तोवर आधार आणि व्यायाम यांनी बहुतेकांचं काम भागतं. ते ताठर झालं की पर्याय कमी होतात आणि शस्त्रक्रियेची बोलणी सुरू होतात. रक्तातली साखर बरेच दिवसांत पाहिली नसेल तर तीही पाहून घ्या. पायाला मुंग्या, बधिरपणा असेल तर कुठलाही कडक इनसोल स्वतःच्या मनाने घालू नका, घासलेलं कळत नाही आणि जखम होते. मधुमेह असलेल्या कोणाचंही पाऊल एकाएकी लाल, गरम आणि सुजलेलं झालं तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

समजा, टाच उचलतेय, दुखणं सौम्य आहे, पाऊल लवचीक आहे. मग इनसोलचा विचार जरूर करा. फक्त त्याच्याकडून काय मागायचं हे नीट ठरवू. इनसोलमुळे मोठ्या माणसाची कमान तयार होत नाही. तुम्ही तीन वर्षं घातला आणि काढून ओल्या पायाचा ठसा पाहिला, तर ठसा आज आहे तसाच दिसेल. फरशी उंचसखल असली की पलंगाच्या पायाखाली आपण पाचर घालतो, पाचरीने फरशी सरळ होत नाही पण पलंग हलायचा थांबतो. इनसोलच्या टाचेखालची आतली कड थोडी उंच असते, ती अशीच पाचर आहे. तिच्यामुळे टाच कमी कलंडते, पाऊल आत कोसळायचा वेग कमी होतो आणि कंडरेला दर पावलाला थोडी कमी ओढ बसते. दिवसाच्या हजारो पावलांत तो ‘थोडा’ फरक खूप होतो. म्हणून इनसोलचं यश ठशावर मोजायचं नाही. संध्याकाळी किती दुखतं, किती वेळ उभं राहता येतं आणि एका पायावर टाच किती वेळा उचलते, यावर मोजायचं.

मापाचाच हवा का? पहिल्यांदा नको, असं माझं स्पष्ट मत आहे. टाचदुखीवर झालेल्या चाचण्यांत वर्षभराने पाहिलं तर चांगला तयार इनसोल आणि मापाचा इनसोल यांच्यात फारसा फरक आढळलेला नाही. तुमचं दुखणं टाचेचं नाही, तरी सुरुवात स्वस्तातून करायला हे कारण पुरेसं आहे. तयार पण अर्धकडक इनसोल घ्या आणि सहा ते आठ आठवडे प्रामाणिकपणे वापरा.

तो निवडताना पुठ्ठ्यावरच्या शब्दांकडे लक्ष देऊ नका, हाताने पाहा. टेबलावर ठेवून कमानीच्या उंचवट्यावर अंगठा जोरात दाबा. पूर्ण चपटा झाला तर ती नुसती गादी आहे. सिलिकॉन जेल आणि मेमरी फोमचे बहुतेक यातलेच, टाचेला मऊ वाटतात पण कमान धरत नाहीत. अजिबात हललाच नाही तर पहिल्या वेळेला फार कडक. थोडा दबून लगेच वर यायला हवा. टाचेची वाटी खोल हवी, कडा सेंटीमीटरभर तरी वर आलेल्या, म्हणजे टाचेची चरबी आणि हाड दोन्ही जागच्या जागी राहतात. नंतर तो जमिनीवर ठेवून अनवाणी त्यावर उभ्या राहा. उंचवट्याचा माथा कमानीच्या मध्यावर, किंचित टाचेकडे लागला पाहिजे. अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यामागे काही टोचत असेल तर तो तुम्हाला लांब आहे. चपलेचा नंबर एकच असलेल्या दोघींची टाचेपासून अंगठ्याच्या सांध्यापर्यंतची लांबी वेगळी असू शकते आणि इनसोलच्या दृष्टीने खरं माप तेच. एक नंबर लहान घेऊन पाहा.

आता चप्पल-बूट. खरं सांगायचं तर दहातले पाच इनसोल इथे वाया जातात, असा माझा अंदाज आहे. ढिल्या, मऊ बुटात घातलेला कडक इनसोल बुटासकट कलंडतो. बुटाची मागची भिंत दोन बोटांनी दाबा, ती दबता कामा नये. बूट पिळण्यासारखा पिरगाळा, मधे पिळला जाता कामा नये. पुढचं टोक वर दाबा, तो फक्त बोटांच्या मुळाशी वाकायला हवा. आतला मूळ इनसोल निघणारा हवा, आणि नवा घालताना जुना काढायचाच. एकावर एक ठेवले की टाच वर येते आणि बुटातून निसटते. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा. खरेदी संध्याकाळी करा, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात.

साडी आणि शाळा म्हणजे बूट रोज जमणार नाहीत, हे कळतं. उघड्या सपाट चपलेत सुटा इनसोल बसत नाही, घसरतो आणि पडायची भीती. त्यापेक्षा मागून पट्टा असलेली, टाचेला वाटी आणि आतल्या बाजूला कमान घडवलेली सँडल घ्या. वर पट्टा आवळता यावा. औषधाच्या दुकानात मिळणारी एमसीआरची चपलही अनेक जणी घेतात. ते मऊ, बारीक छिद्रांचं रबर कुष्ठरोगात संवेदना गेलेल्या पायांना जखमा होऊ नयेत म्हणून वापरात आलं आणि आता मधुमेहींना दिलं जातं. दाब पसरवण्यात ते उत्तम आहे, पण कमान धरत नाही. तुमच्या दुखण्याला ते पुरेल असं समजू नका.

आणि घर. सकाळी ओट्यापाशी तासभर, संध्याकाळी पुन्हा दीड तास, तेही फरशीवर अनवाणी. ती उभं राहण्याची वेळ शाळेइतकीच मोजली जाते. फक्त घरात घालायची, धुऊन ठेवलेली, कमान असलेली एक वेगळी चप्पल ठेवा. देवघरात काढली तर काही बिघडत नाही.

इनसोल पहिल्याच दिवशी शाळेत सहा तास घातलात तर पाय ठणकेल आणि तो कपाटात जाईल. पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, असा रोज तासभर वाढवा. साधारण आठवडाभरात शाळेची वेळ भरेल. या काळात कमानीत बोटाने कोणीतरी ढकलतंय असं वाटणं, पोटरी थोडी जड होणं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते ओसरायला हवं. नाही ओसरलं तर एक पायरी मागे या. कमानीच्या कडेला लाल चट्टा किंवा फोड आला तर दोनपैकी एक कारण असतं, उंचवटा तुमच्या पायापेक्षा मागे-पुढे आहे किंवा बूट अरुंद आहे. गुडघ्याच्या किंवा पावलाच्या बाहेरच्या बाजूला नवीन दुखायला लागलं तर पाचर जास्त झालीय, पाऊल बाहेर ढकललं जातंय. बंद करा, सहन करत बसू नका. टाच निसटत असेल तर बुटाची नाडी सगळ्यात वरच्या छिद्रापर्यंत ओवा किंवा खोल बूट घ्या. दुखणं फक्त डाव्यात असलं तरी इनसोल दोन्ही पायांत घाला, नाहीतर एक पाय उंच होतो आणि कंबर तक्रार करते.

जन्मभराचं उत्तर बरंचसं व्यायामावर अवलंबून आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत याच कंडरेचा त्रास असलेल्या ३६ जणांना १२ आठवडे इनसोल आणि पोटरी ताणण्याचा व्यायाम दिला गेला. सुधारणा सगळ्यांत झाली, पण त्यासोबत ज्यांनी कंडरेला सावकाश सोडत ताकद देणारा व्यायाम केला त्यांच्यात सगळ्यात जास्त झाली. म्हणून इनसोल घ्यायचा ठरला तर व्यायामाचं पानही त्याच दिवशी उघडा.

पोटरी ताणताना भिंतीला हात टेका, पाय मागे, गुडघा सरळ, ३० सेकंद, तीन वेळा. मग तोच पाय गुडघ्यात किंचित वाकवून पुन्हा तीन वेळा. दिवसातून दोनदा. सपाट पावलाची माणसं इथे नेहमी एक चूक करतात: पाऊल आत कोसळू देतात, मग ताण पोटरीला न बसता कमानीला बसतो. कमानीखाली नॅपकिनची छोटी घडी ठेवा, ही अडचण संपते. दुसरा व्यायाम टाचा उचलण्याचा. दोन्ही टाचांच्या मधे टेनिसचा चेंडू दाबून धरा, दोन सेकंदांत वर, चार सेकंदांत खाली. दहाचे तीन फेरे, एक दिवसाआड. चेंडू पडला की फेरा संपला, कारण चेंडू दाबून धरायचं काम हीच कंडरा करते. दोन-तीन आठवड्यांनी वर दोन्ही पायांनी जा आणि खाली डाव्या एकट्यावर या. कळ येत असेल किंवा सूज असेल तर हा टप्पा फिजिओथेरपिस्टला दाखवूनच सुरू करा. तिसरा खुर्चीत बसून, बोटं न वळवता चवडा टाचेकडे ओढून कमान आखूड करायची, पाच सेकंद, दहा वेळा. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा समोर असतानाही जमेल.

तीन महिन्यांनी डाव्या पायाची मोजणी उजव्याच्या बरोबरीला आली आणि संध्याकाळ शांत जाऊ लागली, तर आठवड्यातला एक दिवस इनसोलशिवाय काढून पाहा. मग दोन. दुखलं नाही तर फक्त लांब उभं राहायच्या दिवसांसाठी ठेवा. कंडरा आधीच लांबली असेल तर मात्र आधार कायम लागू शकतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. वजनाबद्दल तुम्हाला रोज कोणी ना कोणी ऐकवतच असेल. पाय दुखत असताना चालून वजन उतरवा म्हणणं योग्य नाही. तोवर सायकल चालवा, पोहता येत असेल तर पोहा, पाय शांत झाला की चालणं.

मापाच्या इनसोलची वेळ केव्हा येते? तयार इनसोलने निम्मा फरक पडून अडलं तर, टाच खूप कलंडलेली असेल तर, दोन पायांत मोठा फरक असेल, पाऊल ताठर असेल किंवा संवेदना गेलेली असेल तर. तेव्हा दुकानात न जाता ऑर्थोटिस्टकडे, म्हणजे पायाला आधार देणारी साधनं मापाने बनवणाऱ्या तज्ज्ञाकडे जा. हे काम करणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती बेधडक विचारा. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था ही सरकारी संस्था आहे, तिथे हे काम होतं. माप घेताना तुमचं पाऊल हाताने सरळ धरून साचा घेतात की तुम्हाला कोसळलेल्या पावलावर नुसतं उभं करतात, हे पाहा. कोसळलेल्या पावलाचा हुबेहूब साचा म्हणजे कोसळलेल्याच आकाराचा इनसोल (पाऊल ताठर असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आकार बदलायचा नसतो, फक्त आधार द्यायचा असतो). आणि पैसे देण्याआधी विचारा की टोचलं तर घासून, भरून देण्याच्या फेऱ्या किमतीत धरल्यात का. एका फेरीत नेमका बसलेला इनसोल क्वचितच असतो. फोमचा इनसोल रोजच्या वापरात वर्षभराच्या आत दबून चपटा होतो, कडक प्लॅस्टिकचा काही वर्षं टिकतो, हेही भावात धरा.

मुलाला इनसोल नको. दुखत नाही, पळतो, तर त्याच्या पावलात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. वैद्यकीय तपासणी अनवाणी होते, तिथे इनसोलचा उपयोग शून्य, आणि ‘सहा महिन्यांत कमान आणून देतो’ म्हणून भरतीच्या मुलांना विकलं जाणारं काहीही घेऊ नका. त्याने तो अर्ज करणार असलेल्या भरतीच्या जाहिरातीतले वैद्यकीय निकष शब्दन् शब्द वाचावेत, कारण ते दलागणिक वेगळे असतात. एनडीएच्या परीक्षेच्या अधिसूचनेत, उदाहरणार्थ, नुसतं सपाट दिसणारं पाऊल बाद धरलेलं नाही. चवड्यावर उभं राहिल्यावर कमान परत येत असेल, चवड्यावर उड्या मारता आणि धावता येत असेल आणि पाऊल मोकळं, न दुखणारं असेल तर उमेदवार चालतो, ताठर पाऊल मात्र बाद होतं. म्हणून तुमचं चित्रीकरण झालं की मोबाइल तुम्ही घ्या आणि त्यालाही चवड्यांवर उभं करा. कमान उमटली नाही तर अर्जाआधी डॉक्टरांना दाखवा. उमटली तर त्याला पळू द्या, फक्त अंतर एकदम वाढवू नये.

उजव्या आणि डाव्या टाचेचे आजचे दोन आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा. पुढचं पत्र लिहाल तेव्हा ते चार आकडे आधी कळवा, मापाच्या इनसोलबद्दल त्यानंतर बोलू.